बारा आऱ्यांचं चाक

बायकोच्या उपासावरून ओहोटीची वेळ काढणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर एकच झाला असेल, आणि तो मी. माझी वेळ फक्त पाऊण तासाने चुकली. तेवढ्यात शेठची नारळांनी भरलेली लॉरी मी खाडीच्या मधोमध नेऊन रुतवली, आणि त्यामुळेच मला तांडेल भेटले.

ते आले ते न बोलता. लॉरीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, उघडा हात कोपरापर्यंत चिखलात घातला, आत बराच वेळ चाचपलं, मग हात बाहेर काढून त्याचा वास घेतला. हळद दळून आली की बायका चिमूट नाकाशी नेतात, तसा. आणि मग माझ्याकडे मान न वळवता म्हणाले,

“आज तिथी कंची?”

“चतुर्थी,” मी म्हणालो.

“कोनी सांगितलं?”

“घरी उपास आहे. संकष्टीचा.”

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुरांच्या डॉक्टरने बैलाचा दात बघावा, तसं नीट पाहिलं. म्हणाले, “उपास वैनीचा चंद्राला हाय. चंद्र उगवंल तवा चवथ लागंल. खाडी चंद्राची वाट बघत न्हाय, डायवर. खाडीला आज तीज हाय.”

तुमच्यापैकी ज्यांनी त्या दिवसांत रेवसच्या बाजूला मोटार हाकली असेल, त्यांना हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. भरतीचं गणित आमच्याकडे शेंबडं पोरही करतं. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती. त्यातून सहा तास मागे गेलं की सकाळी नवाला ओहोटी. मी बरोबर नवाला खाडीच्या काठावर होतो, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. गणितात चूक नव्हती. चूक तिथीत होती. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. सकाळी मात्र अजून तीज असू शकते. तीज म्हणजे ओहोटी सव्वाआठला संपलेली. मी खाली उतरलो तेव्हा पाणी वर यायला निघून पाऊण तास झाला होता. आणि पुनवेनंतरची तीज म्हणजे उधाणाचा जोर अजून अंगात असलेली.

पूल होता, नाही असं नाही. पण तो दोन कोस आत. नारळ रेवडंड्याकडून आणायचे, रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीत चढवायचे, आणि बोट कुणासाठी थांबत नसे. म्हणून आम्ही सगळेच डायव्हर ओहोटीला खाडीचा उतार, म्हणजे ओलांडायची उथळ जागा, गाठायचो. वाळूचा एक घट्ट पट्टा होता, त्याच्या दोन्ही अंगांना दगड लावलेले. त्या दिवशी दगड पाण्याखाली होते. मला वाटलं, पाणी अजून उतरतंय. मी लॉरी अंदाजाने घातली. अंदाज दोन हात चुकला आणि मागची चाकं पट्टा सोडून रेंद्यात, मऊ गाळात बसली. समोर पंधरा हातांवर खाडीची मूळ घळ, तिथे ओहोटीलासुद्धा पुरुषभर पाणी असतं. लॉरीचं नाक तिच्याकडे, उताराला.

लॉरीत मी एकटाच. शेजारून नारळाची एक शेंडी तरंगत गेली. ती समुद्राकडे जायला हवी होती. ती गावाकडे निघाली होती. तेव्हा मला कळलं, पाणी चढतंय.

काठावर एक म्हातारी कालवं फोडत बसली होती. ती उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काय रं, खाडी नांगराय घेतलीस काय?” आणि मग कोळीवाड्याकडे पळत गेली. धावताना ओरडत गेली ते एकच नाव. तांडेल.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. यांनी होडी सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी नाव सुटलं नव्हतं. होडी विकून त्यांनी मुंबईहून एक लॉरी आणली होती. मोठ्या लढाईवरून परत आलेली, लिलावात कुणी न घेतलेली, भरीव रबराच्या टायरांची. तिच्या पाठीवरची पेटी काढून टाकून त्यांनी तिथे आपल्या होडीची डोलकाठी तिरपी बसवली होती. डोलकाठीच्या टोकाला कप्पी, कप्पीतून मनगटाएवढा काथ्याचा रस्सा, आणि खाली होड्या किनाऱ्यावर ओढायचा उभा लाकडी रहाट, चार दांड्यांचा. लॉरीला ते ‘म्हातारी’ म्हणायचे. नारळी पुनवेला होडीबरोबर कोळी जे काय करतात, हळदकुंकू, फुलं, नारळ, ते सगळं म्हातारीचंही व्हायचं.

म्हातारीचं इंजिन बहुतेक वेळा चालू व्हायचं नाही. तेव्हा तिला दोन रेडे जोडत. बंद पडलेल्या गाड्या ओढायला येणारी गाडी रेडे ओढत आणतायत आणि वर तांडेल गंभीरपणे चक्र धरून बसलेत, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने या किनाऱ्यावर फार काही पाहिलं नाही. मी हसलो होतो त्याला. आधी, बाजारात पाहिलं होतं तेव्हा. त्या सकाळी ते रेडे वळणावर दिसले तेव्हा मला हसू आलं नाही.

तर तांडेलांनी तीज सांगितली आणि ते उठले. मी बोलायला लागलो. किती नारळ, बोट किती वाजता, शेठ कसा, माझी काय चूक झाली आणि कशी माझी चूक नव्हती. घाबरलेला माणूस किती बोलतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी हात वर केला.

“अडकलेल्यानं बोलायचं न्हाय,” ते म्हणाले. “मोजायचं.”

“काय मोजायचं?”

“चाकाला आरे किती?”

“बारा.”

“वरती बस. बुडतील तसे सांग. दुसरा शब्द न्हाय.”

मी मागच्या फळीवर नारळांना टेकून बसलो आणि खाली मागच्या चाकाकडे बघू लागलो. लाकडी आरे, लाल रंगाचे. रंग मीच दिला होता दसऱ्याला. दोन बुडाले होते. मी म्हणालो, “दोन.”

ही त्यांची पद्धत होती, आणि ती सगळ्यांना सारखी होती. पुढे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा एका बड्या वकिलांची मोटार थळच्या बाजूला वाळूत बसली. वकील कायद्यात बोलू लागले. तांडेल वाळूवर बसले, विडी पेटवली, आणि वकील गप्प होईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, “झालं? आता मोजा.” आणि एका वऱ्हाडाची लॉरी मुहूर्ताच्या तोंडाशी रुतली, तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला त्यांनी आरे मोजायला बसवलं होतं. त्याच्या सासऱ्याने विचारलं, “जावईबापू काय करतायत?” तांडेल म्हणाले, “शिकतायत.”

होडी ओढताना कोळी गातात, हे तुम्ही ऐकलं असेल. लॉरी ओढताना तांडेल गाऊ देत नसत. रहाटाच्या दांड्यावरचे चार गडीसुद्धा मुके. सबंध खाडीवर फक्त माझा आवाज. “तीन.” मग बराच वेळ पाण्याचा चुळुक चुळुक. “चार.”

म्हातारी मागच्या काठावर, घट्ट जमिनीवर उभी केली होती, चाकांना दगड लावून. रस्सा माझ्या लॉरीच्या मागच्या दांडीला त्यांनी स्वतः बांधला. गाठ ते कुणाला बांधू देत नसत. मला आलो त्या वाटेने मागे ओढायचं होतं. गडी फिरले, रस्सा ताणला, कप्पी करकरली, आणि लॉरी टीचभर मागे आली. तांडेल चाकामागे फळी सरकवत, चाक फळीवर चढे, पुन्हा टीचभर. मला वाटू लागलं की सुटलो. मी “पाच” म्हणालो ते जरा आनंदानेच.

सहाव्याला चिखलाने उजवं चाक एकदम सोडलं. तांडेल गुडघ्यावर बसून फळी धरून होते. चाक धक्क्याने फळीच्या तोंडावर चढलं, आणि फळीखाली त्यांचा उजवा पंजा होता.

ते ओरडले नाहीत. “थांबा,” म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, की दांड्यावरच्या गड्यांना वाटलं फळी बदलायची आहे.

मी वरून वाकून पाहिलं. पाणी गढूळ होतं, मनगटापुढचं काही दिसत नव्हतं.

आता नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. अजून ओढलं असतं तर लॉरीचा सगळा भार त्यांच्या हातावरून गेला असता. रस्सा सैल करता येत नव्हता. एवढं ओझं अंगावर असताना रहाटाची खिट्टी काढली, तर दांडे उलटे फिरतात आणि त्यांच्यावरच्या माणसांच्या बरगड्या मोडतात. उरला तो रस्सा कापणं. कापला की लॉरी पुढे सरकणार, हात मोकळा होणार. पण उताराला लागलेली लॉरी मग थांबणार नव्हती. समोर घळ.

एका गड्याने काठावरून विचारलं, “कापू काय, तांडेल?”

“कापायचं न्हाय,” ते म्हणाले. “आजवर एक गाडी सोडली न्हाय मी. नारळ भरलेत. पानी चढलं की ही आपसूक हलकी व्हईल. तवा हात काढतो.” आणि मग वर माझ्याकडे बघून, “मोज तू. आता अडकलेला मी हाय. मी बोलनार न्हाय.”

आणि खरंच ते गप्प झाले. डावा हात चाकावर ठेवून, मान वर करून, कुणी न्हाव्यापुढे बसावं तसे बसले.

“सात,” मी म्हणालो. पाणी त्यांच्या छातीला होतं.

ती सकाळ किती छान होती हे सांगून कुणाला पटणार नाही. ऊन कोवळं, काठावर पांढरे बगळे, आणि मी नारळांवर बसलेला. उतरून पळायला जागा नव्हती, खाली जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. मी खाली गेलोही. चाकाला खांदा लावला, रेंद्यात गुडघाभर रुतलो, लॉरी हलली नाही. त्यांनी डोळ्यांनीच मला वर जायला सांगितलं. मी वर गेलो. तिथून आठवा आरा पाण्यात जाताना दिसत होता, आणि पाणी त्यांच्या खांद्यावर आलेलं दिसत होतं, आणि शेठचा चेहराही दिसत होता. खोटं कशाला सांगू. लॉरी बुडवणाऱ्या डायव्हरला या किनाऱ्यावर दुसरी लॉरी कुणी देत नाही. घरी ही, तिचा उपास, चुलीवर काही नाही. हे सगळं मी त्या वेळी मोजत होतो. आरे मोजायचे सोडून.

“आठ.”

आणि मग मला ते गणित दिसलं. लॉरी तरंगायला पाणी दहाव्या आऱ्याला यावं लागणार होतं. आणि तांडेलांची हनुवटी नवव्यापाशी होती.

त्यांना ते माझ्या आधी दिसलं होतं. फळीवर चाक चढलं तेव्हाच दिसलं असणार. म्हणून तर ते बोलत नव्हते.

आयुष्यात माझं गणित बरोबर आलं ते तेवढं एकदा.

नारळ सोलायचा कोयता माझ्या मागेच होता. नववा आरा अर्धा बुडाला होता. त्यांनी माझ्या हातात कोयता पाहिला आणि मान हलवली, नाही म्हणून. मी मोजणं थांबवलं. त्यांच्या गाठीपासून टीचभर अंतरावर घाव घातला. काथ्याचा जुना रस्सा, पाण्याने फुगलेला; एका घावात तुटला असता तर मी ही गोष्ट ऐटीत सांगितली असती. सात घाव लागले. सातव्याला रस्सा बंदुकीसारखा वाजला, मी तोंडावर पडलो, आणि माझी लॉरी मला घेऊन घळीकडे निघाली.

उडी मारली म्हणून तुमच्यापुढे आहे.

पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा तांडेल उभे होते. कमरेभर पाण्यात, उजवा हात डाव्या काखेत दाबून. लॉरी घळीत नाकावर गेली होती आणि तिच्यातून नारळ बाहेर येत होते, एकामागून एक, शाळा सुटल्यासारखे. सबंध खाडी नारळांनी भरून गेली आणि भरती त्यांना गावोगाव घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या प्रत्येक घरात नारळीभात होता म्हणतात.

आम्ही काठावर येऊन बसलो. गड्यांनी त्यांचा हात फडक्यात गुंडाळला. मी पुन्हा बोलायला लागलो होतो, क्षमा मागायला. ते घळीकडे बघत होते. त्यांनी सोडलेली पहिली गाडी. मग म्हणाले,

“नारळ वेच जा. रडतोस काय.”

अलिबागच्या डॉक्टरने त्याच दुपारी उजव्या हाताची दोन बोटं काढली. लॉरी मात्र तांडेलांनी तीन दिवसांत वर काढली, हात गळ्यात बांधून, काठावर उभं राहून, नुसत्या माना हलवून. गाठी मी बांधल्या. प्रत्येक गाठ बघून ते डोळे मिटायचे, मग म्हणायचे, “सोड. परत.” इंजिन खोलून गोड्या पाण्याने धुवायला महिना गेला. शेठने मला काढलं नाही. तो म्हणाला, काढीन, पण लॉरी चालू झाल्यावर. आणि चालू झाल्यावर तिच्या एवढ्या खोड्या झाल्या होत्या की माझ्याशिवाय ती कुणाचं ऐकेना.

घरी मी त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी पोचलो. हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती लॉरीचं विचारील. तिने विचारलं, “कुठल्या हाताची बोटं?”

“उजव्या.”

“जेवायच्या हाताची,” ती म्हणाली. चंद्र उगवला, तिने नैवेद्य दाखवला, पण पान वाढून घेतलं नाही.

मी समजूत घालायला म्हणालो, “चूक माझी होती. उपास तुझा होता, एवढंच.”

“तेच म्हणते,” ती म्हणाली.

पुढच्या संकष्टीला तिने दुपारीच मोदक उकडले आणि पाच मोदक केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिले. नैवेद्याच्या आधी. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, “चंद्र उगवायचाय अजून. देवाच्या आधी?”

“त्यांची बोटं आधी गेली,” ती म्हणाली. “मोदकही आधी जाऊ देत.”

मी ते घेऊन कोळीवाड्यात गेलो. तांडेल अंगणात म्हातारीच्या सावलीला बसले होते. डोलकाठीवर जाळी वाळत घातली होती. त्यांनी पुडी सोडली, मोजले, आणि हसले. “वैनीच्या उपासानं बोटं खाल्ली, आता वैनी मोदक खाया घालते. बरं हाय.” डाव्या हाताने तीन मोदक खाल्ले, सावकाश. उरलेले दोन घेऊन उठले, खाडीपर्यंत गेले आणि पाण्यात टाकले.

“हे कुणाचे?” मी विचारलं.

“त्या दोन बोटांचे. डाक्टरनं कापली नुसती, गेली ती खाडीतच नव्हं. ज्याचे त्याला.”

मग हे दर संकष्टीचं झालं. तीन त्यांचे, दोन खाडीचे. अशाच एका दुपारी मी धीर करून विचारलं, की अडकलेल्याने बोलायचं का नाही.

त्यांनी पान घडी करून बाजूला ठेवलं. म्हणाले, “माझा धाकटा भाव. आमची होडी थळच्या खडकावर बसली व्हती. त्याचा पाय नांगराच्या दोरात. आमी सगळे ओरडत व्हतो, इकडं ओढ, तिकडं ओढ. तो बी सांगत व्हता काय तरी. कुठला दोर सोडायचा ते सांगत आसंल. आमच्या आवाजात ऐकाया आलं न्हाय.”

मी म्हणालो, “पण त्या दिवशी तुम्हीच बोलला नाहीत.”

“मी कापू नको म्हनलं व्हतं.”

“हो.”

“तू ऐकलं न्हाय.” ते म्हातारीच्या भरीव टायरावर हात फिरवत होते, तीन बोटांचा. “बरं केलंस. पन गाठीच्या एवढं जवळ कापतात व्हय? रस्सा फुकट गेला.”

पुढे खाडीच्या तोंडाशी नवा पूल झाला. खडीचा रस्ता झाला, खडी दाबायचा वाफेचा रूळ आला, सगळे बघायला गेले. तांडेलही आले होते. रूळ रुततो का बघत ते दिवसभर उन्हात उभे राहिले. रुतला नाही. परतताना म्हणाले, “आता कोन अडकायचं न्हाय.” त्यात आनंद होता की काय, ते मला तेव्हा कळलं नाही. म्हातारी अंगणातून हलेनाशी झाली. रेडे विकले गेले. तिच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि तांडेल ओट्यावर बसून पुलावरून सुसाट जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहायचे. मी मुद्दाम त्यांच्या दारासमोर लॉरी हळू करायचो. एकदा तर बंद पडल्याचं सोंग केलं. ते ओट्यावरूनच म्हणाले, “चावी फिरव, नाटक्या.”

गेल्या वर्षी छातीचं दुखणं घेऊन ते अंथरुणाला लागले. मी जायचो. खोली एवढीशी, खिडकी नाही, दारातून फक्त म्हातारीचं मागचं चाक दिसायचं. ज्याने उभ्या जन्मात अडकलेलं एवढं सोडवलं, तो त्या चार भिंतींत उताणा, छपराकडे डोळे लावून. बोलणं अगदीच थांबलं होतं. सून म्हणायची, “कायच बोलत न्हाईत वो. लय दुखत आसंल.” मी कानाशी वाकलो. ओठ हलत होते.

“तांडेल, काय करताय?”

“मोजतो,” ते म्हणाले. छपराचे वासे मोजत होते.

मी शेजारी बसलो. बोलायचं नव्हतंच. ते मोजत होते, मी ऐकत होतो. कुठला दोर सोडायचा ते सांगतील, म्हणून मी फार लक्ष देऊन ऐकलं. त्यांनी तसं काही सांगितलं नाही. या वेळी माझ्या हातात कोयताही नव्हता. दोन दिवसांनी ते गेले. राख त्यांच्या लेकाने ओहोटीबरोबर खाडीत सोडली.

त्यानंतरच्या संकष्टीला मी घरी होतो. दुपारी आत गेलो तर ही मोदक उकडून बसली होती, आणि बाजूला केळीच्या पानावर पाच मोदक काढलेले. मला वाटलं, सवयीने काढले. हळूच म्हणालो, “आता पाच कुणासाठी?”

तिने पानाची पुडी बांधली, वर केळीचाच धागा गुंडाळला. “दोन खाडीचे होतेच,” ती म्हणाली. “आता पाचही तिचेच.”

मी पुडी घेतली. पायात वहाणा सरकवल्या. खाडीवर आता पूल आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत, पाणी चढो की उतरो, त्यावरून जाणाऱ्याला काही फरक पडत नाही. हे तिलाही माहीत आहे. मी अंगण ओलांडून बाहेर पडत होतो, तेवढ्यात ती मागून दारापर्यंत आली.

“अहो,” ती म्हणाली, “खाडीला आज तीज आहे.”